नाइट व्हिजनमध्ये डाग दिसतात? ट्यूबला दोष देण्याआधी एवढं तपासा

पावसाळा संपून आकाश मोकळं झालं की इंदुरातली रात्री फिरणारी मंडळी कपाटातली यंत्रं बाहेर काढतात आणि फोन सुरू होतात. राजेंद्र नगरातला एखादा पक्षीवेडा मुलगा विचारतो, "दादा, मधोमध काळा ठिपका दिसतोय. ट्यूब गेली का?" सिमरोलकडे शेती असलेले एक काका सांगतात, "नीलगाई हाकलायला घेतलं होतं रे, आता त्यात नुसत्या मुंग्या चालल्यात." कुणाला कडेला काळोखी दिसते, कुणाला दिव्याभोवती मोठं वलय. प्रश्न दरवर्षी तेच असतात आणि निम्म्याहून जास्त वेळा ट्यूबला काहीही झालेलं नसतं.

माझं सांगणं थोडकंच आहे. आधी डागाचा पत्ता शोधा. मग तो जुना आहे की वाढतोय ते बघा. या दोन गोष्टी कळेपर्यंत ट्यूब बदलण्याचा खर्च करू नका आणि विकणाऱ्याशी भांडूही नका. ट्यूब म्हणजे मंद उजेड कितीतरी पटींनी वाढवणारी नळी, या यंत्रातला सगळ्यात महाग भाग. तिच्याबद्दल घाईने घेतलेला निर्णय फार महागात पडतो.

आधी यंत्र कोणत्या जातीचं आहे ते ओळखा

आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या काचेत, मेनू, बॅटरीची खूण, तारीख-वेळ असं काही दिसत असेल, व्हिडिओ काढायची सोय असेल, तर यंत्र डिजिटल आहे. आत कॅमेऱ्याचा सेन्सर आणि छोटा पडदा असतो. ऑनलाइन मिळणारी स्वस्त यंत्रं जवळजवळ सगळी याच जातीची. ज्यात फक्त हिरवं किंवा पांढुरकं चित्र दिसतं आणि बंद केल्यावरही पडद्यावर काही क्षण उजेड रेंगाळतो, ते ट्यूबचं. दोन्हींचे आजार वेगळे आहेत, म्हणून हे पहिल्यांदा ठरवायचं. डिजिटलबद्दल शेवटाकडे लिहिलं आहे. आधी ट्यूबचं बघू, कारण गैरसमज तिच्याबद्दलच जास्त आहेत.

ट्यूबच्या आत काय चालतं हे थोडं माहीत असलं की निम्मं निदान आपोआप होतं. पुढची लेन्स दृश्याची उलटी प्रतिमा फोटोकॅथोडवर पाडते. फोटोकॅथोड म्हणजे काचेच्या आतल्या अंगाला दिलेला अतिशय पातळ लेप. त्यावर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटतात. दुसऱ्या पिढीच्या ट्यूबमध्ये हा लेप सोडियम, पोटॅशियम, सीझियम आणि अँटिमनी यांचा असतो, तिसऱ्या पिढीत गॅलियम आर्सेनाइडचा. सुटलेले इलेक्ट्रॉन पुढे मायक्रोचॅनेल प्लेटमध्ये शिरतात. ही काचेची चकती अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असते आणि तिला काही मायक्रॉन व्यासाची लाखो छिद्रं असतात. छिद्राच्या भिंतीवर आपटत आपटत एका इलेक्ट्रॉनाचे शेकडो, हजारो होतात आणि फॉस्फरच्या पडद्यावर आदळून तो उजळवतात. बऱ्याच मोनोक्युलरमध्ये, म्हणजे एका डोळ्याने बघायच्या यंत्रांत, शेवटी काचतंतूंचा पिळलेला जुडगा असतो, तो उलटी प्रतिमा सुलट करतो. आपण आयपीसमधून बघतो तो हा पडदा. समोरचं रान आपल्याला थेट दिसत नसतं, त्याचं पडद्यावर उमटलेलं चित्र दिसत असतं. ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा, पुढची सगळी तपासणी तिच्यावर उभी आहे.

इतक्या टप्प्यांत कुठे एक कण अडकला, काही छिद्रं बंद असली किंवा लेपावर बारीकसा डाग राहिला, तर चित्रात काळा ठिपका दिसणारच. हे काम किती नाजूक असतं याची कल्पना यावी म्हणून सांगतो, ट्यूब बनवणारे कारखाने जगात मोजकेच आहेत. १९९० साली पुण्यात उभी राहिलेली बेलॉप ही भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या परिवारातली कंपनी आपल्या सैन्यासाठी अशा ट्यूब बनवत आली आहे. मराठी माणसांच्या हातून हे काम होतं याचा मला खरोखर अभिमान वाटतो.

डागाचा पत्ता शोधायची रीत

रात्री घरातली एक खोली अंधारी करा. शेजारच्या खोलीत देवघरातला दिवा असला आणि दार बोटभर उघडं ठेवलं, तरी तेवढा उजेड पुरे. समोर एकरंगी, शक्यतो पांढरी भिंत हवी. झाडापानांच्या गर्दीत डाग लपतात, कोऱ्या भिंतीवर लपत नाहीत.

सुरुवात आयपीसच्या डायऑप्टरपासून, म्हणजे आपल्या डोळ्याच्या नंबराप्रमाणे आयपीस जुळवायच्या सोयीपासून. पुढचा फोकस मुद्दाम बिघडवून ठेवा, म्हणजे भिंतीवरच्या कशाकडे लक्ष जाणार नाही. आता पडद्यावरचा बारीक दाणा बघा आणि तो सगळ्यात रेखीव दिसेपर्यंत आयपीस फिरवा. हे जमलं की त्या रात्रीपुरता आयपीसला हात लावायचा नाही. पुढे जे काही स्पष्ट करायचं ते पुढच्या लेन्सने. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. समोरचं झाड धूसर दिसलं की आयपीस फिरवतात, तो बिघडला की पुढची लेन्स फिरवतात आणि अर्ध्या तासाने ट्यूबचं रेझोल्यूशन खराब आहे असा निष्कर्ष काढतात. चष्मा असेल तर डायऑप्टर चष्म्याशिवाय जुळवून बघा. पीव्हीएस-१४ सारख्या मोनोक्युलरमध्ये अधिक २ पासून उणे ६ पर्यंत सोय असते, त्यामुळे बहुतेकांचं काम चष्म्याविना भागतं. सिलिंड्रिकल नंबर जास्त असेल तर मात्र चष्मा लावूनच बघावं लागेल.

आता ठिपक्याकडे नजर ठेवा आणि डोळा किंचित हलवा. ठिपका तरंगत तरंगत मागे येत असेल तर तो तुमच्या डोळ्यातला आहे. चाळिशीनंतर डोळ्यात असे तरंगते कण अनेकांना दिसतात आणि हिरव्या, एकसारख्या उजेडावर ते जास्त ठळक होतात. दुसऱ्या डोळ्याने बघा. तिथे ठिपका नसेल तर विषय संपला.

दोन्ही डोळ्यांना दिसत असेल, तर या तपासणीपुरता आयपीस थोडा मागेपुढे फिरवा. ज्या यंत्रांत आयपीसची काच फिरते त्यांत काचेवरचा कण तिच्याबरोबर फिरतो. शिवाय असा कण पडद्याचा दाणा रेखीव असताना पुसट दिसतो आणि दाणा बिघडला की वेगळा दिसू लागतो. यावर उपाय म्हणजे हवेचा फुगा, मऊ ब्रश आणि लेन्सचं कापड, याच क्रमाने. तोंडाने फुंकर मारून थेट कापडाने घासू नका. माळव्यातल्या काळ्या मातीची धूळ बारीक असली तरी तिच्यात कणी असतात आणि काचेवरचा लेप त्या सहज ओरबाडतात.

पुढच्या लेन्सच्या बाहेरच्या काचेबद्दल एक गोष्ट पक्की समजून घ्या. तिच्यावरचा कण पडद्यावर टोकदार ठिपका म्हणून उमटत नाही, कारण तो फोकसच्या जागेपासून फार लांब असतो. तिथली धूळ, बोटाचा ठसा, दवाचा थर या सगळ्यांचा परिणाम एकच, चित्र धुरकट होणं. म्हणून काळा ठिपका दिसला म्हणून पुढची काच घासत बसणं व्यर्थ आहे आणि धुरकटपणा असेल तर सगळ्यात आधी तीच काच बघायची. समोर चंद्र किंवा रस्त्याचा दिवा चौकटीच्या जरा बाहेर असतानाच धुरकटपणा वाढतो का? लेन्सच्या वर तळहाताची ओंजळ धरून सावली करा. फरक पडला तर काच पुसा आणि लेन्सला हुड लावा.

यानंतरही जो ठिपका तिथेच, तेवढाच रेखीव राहतो, पुढचा फोकस फिरवला तरी ज्याच्यात फरक पडत नाही, तो ट्यूबमधला, किंवा ट्यूबच्या मागच्या काचेवर बसलेल्या कणाचा. बाहेरून या दोघांत फरक करता येत नाही. यंत्र उघडून नायट्रोजन भरायची सोय असलेल्या कारागिराकडेच ते कळतं. घरी उघडू नका. आत कोरडा नायट्रोजन भरलेला असतो आणि ट्यूबच्या वीजपुरवठ्यात हजारो व्होल्टचा दाब असतो. यंत्र बंद केल्यावरही तो लगेच उतरत नाही.

एक ठिपका मात्र मधल्या जातीचा. ट्यूबच्या पुढच्या काचेवर, म्हणजे फोटोकॅथोडच्या बाहेरच्या बाजूला, धूळ बसलेली असते. पुढची लेन्स उघडी असताना प्रकाशाचा झोत रुंद येतो, त्यामुळे अशा कणाची सावली विरून जाते. पण दिवसा वापरायचं बारीक भोकाचं झाकण लावलं की झोत निमुळता होतो आणि तीच सावली एकदम ठळक होते. विजयनगरचे एक काका म्हणाले होते, "दिवसा झाकण लावून बघितलं तर पंधरा ठिपके, रात्री झाकण काढलं तर तीनच. हे काय गौडबंगाल?" काका, गौडबंगाल काही नाही. जे झाकण काढल्यावर गायब होतात ते बाहेरच्या काचेवरचे कण. जे राहतात ते ट्यूबचे. ट्यूब विकत घेताना कुणी भोकाच्या झाकणातून काढलेला फोटो दाखवून दोष सांगत असेल किंवा लपवत असेल, तर उघड्या लेन्सचाही फोटो मागा.

कोणता डाग किती मनावर घ्यायचा

काळे ठिपके हा कारखान्यातून येणारा, कायमचा आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी दोष आहे. १८ मिलिमीटरच्या ट्यूबची तपासणी करताना पडद्याचे तीन भाग धरतात. मधलं वर्तुळ ५.६ मिलिमीटर व्यासाचं, त्याभोवतीचं कडं १४.७ मिलिमीटरपर्यंत आणि त्यापुढचं १७.५ मिलिमीटरपर्यंत. मधल्या वर्तुळात निकष सगळ्यात कडक, कडेला ढिले. लष्करी वापराच्या ट्यूबसुद्धा ठिपक्यांसकट पास होतात, कुठे किती आकाराचे किती चालतील हे ठरलेलं असतं.

ठिपका प्रत्यक्षात किती झाकतो याचा हिशोब करून बघण्यासारखा आहे. पुढच्या लेन्सची फोकल लेन्थ साधारण २७ मिलिमीटर धरली आणि ठिपका ०.१ मिलिमीटरचा असला, तर १०० मीटरवर तो सुमारे ३७ सेंटीमीटर जागा झाकतो. नीलगाय त्यामागे लपणार नाही. ससा लपेल, पण मान जराशी वळवली की तोही दिसेल. हा हिशोब समजावून दिल्यावर बऱ्याच जणांची काळजी तिथेच मिटते. हाच ठिपका बरोबर मध्यभागी असेल आणि तुम्ही झाडावरच्या पिंगळ्याकडे तासन्‌तास बघणारे असाल, तर मात्र त्रास होईल. तेव्हा ट्यूब घेतानाच मधलं वर्तुळ नीट बघून घ्या.

चमकणाऱ्या ठिपक्यांचं गणित वेगळं. अंधाऱ्या खोलीत पुढच्या लेन्सवर पूर्ण बंद झाकण लावा आणि यंत्र चालू करा. काळे ठिपके आता दिसेनासे होतील. एखादा उजळ ठिपका एकाच जागी टिकून राहिला, लुकलुकला किंवा सतत पेटलेला दिसला, तर ट्यूबमधून बाहेरच्या प्रकाशाविना इलेक्ट्रॉन सुटत आहेत. हा खरा दोष. यंत्र नवीन असेल तर परत करा, जुनं असेल तर लक्ष ठेवा. कडेला एखादी उजळ कोर दिसणं हाही याच घराण्यातला दोष.

जागा बदलत राहणारी चमचम मात्र दोष नाही. सिमरोलच्या काकांच्या "मुंग्या" म्हणजे हीच. प्रकाश फार कमी असला की फोटोकॅथोडवर एकेक प्रकाशकण सुटासुटा येतो आणि प्रत्येकाची ठिणगी वेगळी दिसते. पौर्णिमेच्या रात्री जमिनीवर साधारण ०.१ ते ०.३ लक्स उजेड असतो. चांदण्या आहेत पण चंद्र नाही, अशा रात्री ०.००१ लक्सच्या आसपास. त्यात ढग आले की आणखी दहावा हिस्सा. काकांनी यंत्र पौर्णिमेला घेतलं होतं आणि तक्रार अमावास्येच्या ढगाळ रात्री केली. ट्यूब तीच होती, उजेड कितीतरी पटींनी उतरला होता. म्हणून दोन रात्रींची तुलना करताना तिथी आणि ढग लिहून ठेवा.

मधमाशीच्या पोळ्यासारखी षट्कोनी जाळी भरपूर उजेडात फिकट दिसली तर ती मायक्रोचॅनेल प्लेटच्या बांधणीची खूण आहे. कमी उजेडात ती जाते. काचतंतूंच्या गठ्ठ्यांच्या सीमेवर बारीक काळ्या रेषा दिसतात, त्या मात्र कायम असतात. थोड्या असल्या तर चालवून घ्या. मध्यभागीच ठळक असतील तर नवीन यंत्र घेताना नाकारा.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. चित्राच्या एका कडेकडून काळोखी आत येत असेल आणि महिन्यामहिन्याला वाढत असेल, तर ट्यूबचं आयुष्य संपत आलेलं असू शकतं, किंवा आतली निर्वात पोकळी बिघडलेली असू शकते. पण इथेही आधी डोळा तपासा. आयपीसपासून डोळा योग्य अंतरावर, बरोबर मध्यावर नसेल, तर कडेला अशीच काळोखी दिसते. डोळा हलवल्यावर ती जागा बदलते का? मग ती काळोखी नजरेच्या जागेमुळे आहे. डोळा कसाही हलवला तरी एकाच बाजूला राहते का? पुढची लेन्स पूर्ण आवळली आहे ना, झाकणाची रबरी पट्टी समोर लोंबत नाही ना, हे बघा. तरीही राहिली तर कारागीर गाठा.

भाजलेल्या खुणांबद्दल कळकळीने सांगतो. एखाद्या तेजस्वी दिव्याकडे यंत्र बराच वेळ रोखलं, तर त्या दिव्याच्या आकाराची खूण पडद्यावर राहते. हलकी असेल तर वापरता वापरता किंवा काही दिवस बंद ठेवल्यावर फिकी होते. लेझरची खूण मात्र कायमची, आणि ती एका क्षणात पडते. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे रोषणाईच्या देखाव्यांची मिरवणूक, रात्रभर चालतात. तिथले दिवे, डीजेच्या गाडीवरचे लेझर, हे सगळं नाइट व्हिजनमधून बघायचा मोह अनेक पोरांना होतो. कृपा करून यंत्र घरी ठेवा. झांक्या नुसत्या डोळ्यांनी बघायच्या आणि त्या तशाच छान दिसतात.

दिव्याभोवतीचं वलय हा तपासणीतला आणखी एक नेहमीचा मुद्दा. फोटोकॅथोडवरून आलेले काही इलेक्ट्रॉन प्लेटच्या तोंडावर आपटून मागे उसळतात आणि जरा बाजूला पडतात. त्याचं गोल वलय तयार होतं. प्रत्येक ट्यूबमध्ये ते असतं, काहींत लहान, काहींत मोठं. सुपर कॉरिडॉरच्या दिव्यांच्या रांगेकडे बघून ट्यूबची परीक्षा करू नका, तिथे चांगल्या ट्यूबचीही वलयं एकमेकांत मिसळतात. शहराबाहेर एकट्या दिव्याकडे क्षणभर बघा. वलय गोल आणि नीट कडेचं असेल तर ट्यूब ठीक. वलय वेडंवाकडं, एका बाजूला ओढल्यासारखं, किंवा सगळ्या चित्रावर पसरणारं असेल, तर पुन्हा पुढच्या लेन्सवर बुरशी किंवा दव आहे का ते शोधा.

उन्हाळा, पावसाळा आणि आपलं हवामान

फोटोकॅथोडमधून प्रकाश नसतानाही उष्णतेमुळे थोडे इलेक्ट्रॉन सुटत असतात, त्यामुळे अंधारातही पडद्यावर मंद उजेड राहतो. तपासणीच्या कागदावर तो ईबीआय या नावाने लिहिलेला असतो. तापमान वाढलं की तो वाढतो आणि काळ्या भागांतला बारीक फरक धुऊन टाकतो. मे महिन्यात दिवसभर गाडीत तापलेलं यंत्र संध्याकाळी चोरलच्या दरीकडे रोखलं, तर चित्र पांढुरकं, बिनजोराचं दिसणारच. तासभर सावलीत, हवेशीर जागी ठेवून मग बघा. थंड झाल्यावर चित्र सुधारलं तर ट्यूबची तक्रार करू नका, ठेवण्याची जागा बदला.

पावसाळ्यात दुश्मन दुसरा. काचांमध्ये दमट हवा राहिली की बुरशी धरते. लेन्समधून उलट बाजूने टॉर्च मारून तिरकं बघा, यंत्र बंद असताना आणि पुढची लेन्स ट्यूबपासून सुटी करता येत असेल तरच. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे. ती लवकर साफ केली तर काच वाचते, उशीर केला तर लेपात खड्डे पडतात. बंद होणाऱ्या डब्यात सिलिका जेल टाकून यंत्र ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडं करा. बॅटरी काढूनच ठेवा. चित्र मधूनच लुकलुकतं, अचानक बंद पडतं, अशा तक्रारींत पावसाळ्यानंतर बॅटरीच्या पत्र्यावर हिरवट-पांढरा थर सापडणं फार नेहमीचं आहे. खोडरबर आणि थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल यांनी तो जातो.

कागदावरचे आकडे

ट्यूबबरोबर मिळणाऱ्या कागदावर दोन आकडे महत्त्वाचे. रेझोल्यूशन, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये किती रेषांच्या जोड्या वेगळ्या दिसतात ते. आणि सिग्नल-टू-नॉइज, म्हणजे चित्र आणि चमचम यांचं प्रमाण. दोघांचा गुणाकार करून एकच आकडा सांगण्याची पद्धत आहे, ६४ गुणिले २५ म्हणजे १६००. विकणारे तोच ठासून सांगतात. मला हा गुणाकार अपुरा वाटतो. ५७ गुणिले २८ केलं तरी उत्तर १५९६ येतं, पण दोन ट्यूब सारख्या नाहीत. शहराच्या कडेला, उजेड बऱ्यापैकी असताना पहिली जास्त रेखीव दिसेल. चोरलच्या झाडीत, ढगाळ अमावास्येला दुसरी बाजी मारेल, कारण तिथे बारकाव्यांपेक्षा चमचम कमी असणं मोलाचं. तुम्ही कुठे बघणार हे ठरवून मग आकडे वाचा.

धूसरपणाची तक्रार करण्याआधी हेही लक्षात घ्या, की या लेन्स बहुधा एफ/१.२ च्या आसपास, म्हणजे खूप रुंद उघड्या असतात, त्यामुळे एका वेळी एकाच अंतरावरचं रेखीव दिसतं. तीन मीटरवरच्या झुडपावर फोकस केला की दूरची टेकडी धूसर होणारच. टेकडी बघायची असेल तर एखाद्या ताऱ्यावर फोकस जुळवा. तारा सगळ्यात लहान टिंब दिसला की दूरचं सगळं जागेवर येतं. रेझोल्यूशनची तक्रार घेऊन येणाऱ्या यंत्रांतली बरीचशी या एका युक्तीने बरी होतात.

डिजिटल यंत्रांचे आजार

इथे काळ्या ठिपक्यांपेक्षा पांढरे, लाल, निळे ठिपके जास्त सतावतात. सेन्सरचा एखादा बिंदू अंधारातही पेटून राहतो. अशा बिंदूंची संख्या उष्णतेने वाढते. सेन्सरमधला अंधारातला प्रवाह दर सहा-आठ अंशांना साधारण दुप्पट होतो. त्यामुळे डिसेंबरात स्वच्छ असलेलं यंत्र मेमध्ये ठिपक्यांनी भरतं. काही यंत्रांच्या मेनूत हे बिंदू झाकायची सोय असते. लेन्सवर झाकण लावून, यंत्र दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम झाल्यावर ती वापरा, म्हणजे गरम झाल्यावर दिसणारे बिंदूही झाकले जातात.

दुसरी मोठी तक्रार धुक्याची. "हवा स्वच्छ होती, तरी समोर पांढरा पडदा" असं लोक सांगतात. यंत्रावरचा इन्फ्रारेड दिवा जवळच्या धुळीवर, धुक्याच्या थेंबांवर, डास-पतंगांवर पडून परत येतो आणि लेन्समध्ये शिरतो. हिवाळ्यात यशवंत सागराच्या काठावर पहाटे हे हमखास होतं. अंगचा दिवा बंद करा आणि दुसऱ्या माणसाकडे इन्फ्रारेड टॉर्च देऊन त्याला काही पावलं बाजूला उभं करा. चित्र एकदम मोकळं होतं. बंद खिडकीच्या काचेतून बघतानाही तेच, काचेवरून दिवा परत येतो, म्हणून खिडकी उघडा. ८५० नॅनोमीटरचा दिवा लांब पोचतो पण त्याचा मंद लाल ठिपका प्राण्यांना आणि माणसांना दिसू शकतो. ९४० चा दिसत नाही, पण सेन्सरला तो कमी कळतो आणि पल्ला घटतो. पल्ला कमी वाटला तर आधी कोणता दिवा आहे ते विचारा.

रस्त्यावरच्या दिव्यांखाली चित्रात आडवे पट्टे सरकत असतील तर घाबरू नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात आणि ओळीओळीने वाचणारा सेन्सर ते पट्टे पकडतो. मेनूत ५० हर्ट्झ निवडा.

वहीत नोंद कशी ठेवायची

यंत्र घरी आलं त्याच दिवशी कोऱ्या भिंतीवर पडद्याचा फोटो काढा. फोनचा कॅमेरा आयपीसला लावून, एक्स्पोझर हाताने ठरवून काढा, म्हणजे पुढच्या वेळी तेवढंच ठेवता येईल. वहीत एक वर्तुळ काढा आणि घड्याळाच्या काट्यांप्रमाणे ठिपके मांडा. "दोन वाजता, कडेपासून थोडा आत, बारीक" एवढं लिहिलं तरी पुरतं. दर सहा महिन्यांनी तीच भिंत, तोच उजेड. जुने ठिपके तिथेच असतील तर निश्चिंत राहा. नवा ठिपका आला, जुना मोठा झाला, कडेची काळोखी सरकली किंवा झाकण लावूनही उजळ बिंदू दिसू लागला, तर दोन्ही फोटो एकत्र घेऊन कारागिराकडे जा.

विकणाऱ्याला किंवा कारागिराला कळवताना नुसतं "डाग आहे" असं लिहू नका. यंत्राची जात, डागाची घड्याळातली जागा, झाकण लावल्यावर दिसतो का, पुढचा फोकस फिरवल्यावर बदलतो का, डोळा हलवल्यावर सरकतो का, त्या रात्रीची तिथी, हवा आणि यंत्र किती गरम होतं, एवढं लिहिलं तर समोरच्याला यंत्र न उघडताही बरंच कळतं. यंत्र पाठवताना बॅटरी काढा, पूर्ण बंद झाकण लावा आणि डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. रात्री रालामंडलसारख्या अभयारण्यात जाऊन यंत्र तपासायचा विचार असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्या. तपासणीसाठी तुमच्या घरातली अंधारी खोली पुरेशी आहे.